हलत्या गाठीचे फोर-डी सीटी: तयारी, क्रम आणि नेहमीच्या चुका

फुप्फुसाच्या खालच्या लोबमधली गाठ दर श्वासाला एक-दोन सेंटिमीटर वर-खाली सरकू शकते. यकृत, स्वादुपिंड, मूत्रपिंड हेही श्वासपटलाबरोबर हलतात. रेडिएशन विभागात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक असते, तरीही फोर-डी सीटी सिम्युलेशन, म्हणजे श्वासाच्या प्रत्येक टप्प्यावर गाठ कुठे असते ते दाखवणारे उपचाराआधीचे नियोजनाचे स्कॅन, वारंवार बिघडते. बिघाड मशीनमध्ये क्वचितच सापडतो. पेशंट टेबलवर येतो, पट्टा बांधला जातो, श्वासाचा आलेख पडद्यावर दिसू लागतो आणि लगेच स्कॅन सुरू होते. त्या वेळी पेशंट घाबरलेला असतो, हात डोक्यावर घेऊन अवघडलेला असतो, नुकताच चालत आलेला असतो. त्याचा त्या दोन मिनिटांतला श्वास स्कॅनमध्ये उतरतो आणि पुढचे सगळे उपचार त्यावर बेतले जातात.

खालचे टप्पे रेडिएशन टेक्नॉलॉजिस्ट, फिजिसिस्ट आणि शिकाऊ डॉक्टरांसाठी आहेत. प्रत्येक टप्प्यावर एकच प्रश्न विचारायचा: आत्ता टिपला जाणारा श्वास उपचाराच्या दिवशीही असाच असेल का?

टप्पा १ : पद्धत आधी ठरवा

अमेरिकन असोसिएशन ऑफ फिजिसिस्ट्स इन मेडिसिनच्या टास्क ग्रुप ७६ च्या २००६ च्या अहवालातला निकष आजही कामाला येतो. कोणत्याही एका दिशेने गाठ ५ मिलिमीटरपेक्षा जास्त हलत असेल, किंवा श्वास सांभाळल्यामुळे निरोगी भाग लक्षणीय वाचत असेल, तर श्वासाच्या हालचालीचा बंदोबस्त करावा. गाठ किती हलते हे स्कॅनपूर्वी कळत नाही. फुप्फुसाच्या वरच्या भागातली किंवा छातीच्या भिंतीला चिकटलेली गाठ जेमतेम हलते आणि खालची बरीच, असा सर्वसाधारण अनुभव असला तरी एखाद्या पेशंटबाबत तो अंदाज साफ चुकतो. म्हणून छाती आणि पोटाच्या वरच्या भागातल्या गाठींसाठी आधी मोजा, मग ठरवा.

हाताशी चार मार्ग असतात. पेशंटला मोकळा श्वास घेऊ द्यायचा आणि गाठ जिथे जिथे जाते तो सगळा भाग लक्ष्यात धरायचा, हा पहिला. पोटावर पट्टी किंवा पट्टा दाबून श्वासपटलाची हालचालच कमी करायची, हा दुसरा. श्वासाच्या ठरावीक भागातच बीम (किरणांचा झोत) चालू ठेवायचा, म्हणजे गेटिंग, हा तिसरा. श्वास रोखून स्कॅन आणि उपचार दोन्ही करायचे, हा चौथा.

निवड करताना पेशंटकडे बघा, मशीनकडे नंतर. ऐकू कमी येते, सूचना कळत नाहीत, दहा सेकंदही श्वास धरवत नाही, अशा पेशंटवर श्वास रोखण्याची पद्धत लादू नका. पोटाची नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, पोटावर स्टोमा (शौच-लघवीसाठी काढलेली वाट) असेल किंवा पोटातल्या महाधमनीला फुगा असेल, तर पोट दाबण्याचा विचार सोडा. माझे स्पष्ट मत असे की, मोकळ्या श्वासावर नीट केलेले फोर-डी सीटी हे अर्धवट जमलेल्या गेटिंगपेक्षा नेहमीच सुरक्षित असते.

*तपासणी:* पद्धत, स्कॅनची हद्द, कॉन्ट्रास्ट (चित्र उठावदार करणारे औषध) द्यायचा की नाही आणि हात वर की खाली, हे चारही सिम्युलेशनच्या मागणीपत्रावर लिहिलेले हवेत. पेशंट टेबलवर असताना डॉक्टरांना फोन लावावा लागला, तर हा टप्पा राहून गेलेला आहे.

टप्पा २ : पेशंटची तयारी

सिम्युलेशनच्या आदल्या दिवशी पेशंटशी बोलून पुढच्या गोष्टी पक्क्या करा.

खोकला असेल तर त्यावरचे औषध आणि दुखत असेल तर वेदनाशामक, दोन्ही डॉक्टरांच्या सल्ल्याने स्कॅनच्या वेळी परिणाम चालू असेल अशा बेताने द्यायला हवीत. दुखणारा माणूस उथळ आणि तुटक श्वास घेतो. पुढे औषधाने दुखणे थांबले की श्वास बदलतो आणि स्कॅन जुने होते. इनहेलर घेणाऱ्याने तो नेहमीच्या वेळी घ्यावा. घरी ऑक्सिजन लागत असेल तर स्कॅनच्या वेळीही तेवढाच चालू ठेवायचा.

यकृत, स्वादुपिंड किंवा जठराजवळची गाठ असेल तर काही तास काही खायचे नाही, आणि उपचारालाही रोज तितक्याच रिकाम्या पोटी यायचे. भरलेले जठर शेजारच्या अवयवांना ढकलते, आणि ती जागा कोणत्याही श्वासाच्या आलेखात दिसत नाही. यकृतात गाठीची जागा दाखवणारे सोन्याचे मार्कर बसवले असतील तर ते स्थिरावायला साधारण आठवडाभर द्या, मगच सिम्युलेशन करा.

श्वास रोखायचा असेल तर सराव घरीच सुरू व्हायला हवा. उताणे झोपून, हात डोक्यावर घेऊन, दिवसातून काही वेळा. बसून केलेला सराव टेबलवर फारसा उपयोगी पडत नाही.

बोलण्याची भाषाही ठरवून ठेवा. सर्वाधिक नुकसान करणारे वाक्य म्हणजे “श्वास व्यवस्थित घ्या.” हे ऐकताच माणूस खोल श्वास घेऊ लागतो. त्याऐवजी असे सांगा: “काकू, घरी पडून राहिल्यावर जसा श्वास चालतो तसाच चालू द्या. श्वासाकडे लक्ष देऊ नका. झोप मात्र लागू देऊ नका.” शेवटचे वाक्य विसरू नका. डुलकी लागली की श्वासाची लय आणि खोली दोन्ही बदलतात.

टप्पा ३ : पोझिशन आणि श्वास टिपणारे साधन

पेशंटला असा झोपवा की वीस-तीस मिनिटे न हलता राहता येईल. हात वर घ्यायचे असतील तर कोपरांना आणि मनगटांना पुरता आधार द्या, गुडघ्यांखाली उशी द्या. खांदा दुखू लागला की त्याची पहिली खूण श्वासाच्या आलेखावर उमटते, पेशंट तोंडाने नंतर सांगतो. पोट दाबायचे असेल तर पट्टी याच टप्प्यात लावा. बरगड्यांच्या कमानीपासून तीन-चार सेंटिमीटर खाली, पेशंटला सहन होईल इतपतच. पट्टीची जागा, स्क्रूचा किंवा दाबाचा आकडा आणि फ्रेमचे काउचवरचे (टेबलवरचे) स्थान लिहून ठेवा. दाब बदलला की हालचालही बदलते.

आता साधन. कुठे परावर्तक डबा आणि कॅमेरा असतो, कुठे पोटाभोवती बांधायचा पट्टा, कुठे त्वचेचा पृष्ठभाग वाचणारी यंत्रणा. डबा वापरत असाल तर छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक आणि बेंबी यांच्यामध्ये, जिथे त्वचा सर्वांत ठळक वर-खाली होते तिथे ठेवा. ती जागा शोधण्यासाठी पेशंटला बाजूने पाहा, समोरून ती नीट कळत नाही. डबा सपाट बसला पाहिजे. तो तिरका असेल तर श्वासाबरोबर डुलतो आणि आलेखात नसलेले चढ-उतार दिसतात. डब्याच्या चारही कोपऱ्यांच्या खुणा त्वचेवर करा आणि फोटो काढून फाइलमध्ये ठेवा.

पट्ट्याच्या बाबतीत दोन चुका ठरलेल्या. तो सैल बांधला तर आलेख बुटका आणि खरबरीत येतो. करकचून बांधला तर पट्टाच पोट दाबू लागतो आणि न ठरवता दुसरी पद्धत सुरू होते.

*सावधान:* डबा किती मिलिमीटर हलला यावरून गाठ किती हलली हे कळत नाही. त्वचा एक सेंटिमीटर उचलली तेव्हा गाठ दोन सेंटिमीटर खाली गेली असेल किंवा दोन मिलिमीटर. आलेख फक्त वेळ सांगतो, गाठीची जागा चित्रातूनच कळते.

*तपासणी:* काउच स्कॅनरच्या आत नेऊन पूर्ण हद्दीत एकदा फिरवून पाहा. डबा कडेला घासत नाही ना, कॅमेऱ्याला तो शेवटपर्यंत दिसतो ना, ऑक्सिजनची नळी किंवा चादर आड येत नाही ना.

टप्पा ४ : श्वास स्थिरावू द्या

बहुतेक विभागांत हा टप्पा घाईत गुंडाळला जातो, आणि सर्वांत महाग पडतो तोही हाच.

पेशंट झोपल्यावर पहिली काही मिनिटे आलेखाची खालची रेषा हळूहळू सरकत असते. पाठीचे आणि पोटाचे स्नायू सैल होत जातात, पोट किंचित खाली बसते. याला बेसलाइन सरकणे म्हणतात. रेषा सरकत असताना स्कॅन केले तर वरच्या स्लाइसमधला श्वास आणि खालच्या स्लाइसमधला श्वास यांची पातळी वेगळी पडते, आणि दोन्ही एकाच चित्रात जोडले जातात. म्हणून आलेख सुरू करा, पण स्कॅन करू नका. पाच मिनिटे द्या. या वेळेत पेशंटशी गप्पा मारू नका. बोलताना श्वास तुटतो.

आलेखात चार गोष्टी पाहा. एका श्वासाला लागणारा वेळ: मोठ्या माणसात शांतपणे मिनिटाला १२ ते २० श्वास, म्हणजे एका श्वासाला ३ ते ५ सेकंद. श्वासाची उंची: लागोपाठच्या शिखरांत फार फरक नको. खालची रेषा: आडवी राहते की उतरते. आणि उच्छ्वासाच्या शेवटचा सपाट भाग: बहुतेक माणसे उच्छ्वासाच्या शेवटी थोडी थांबतात, म्हणून ती अवस्था सर्वांत भरवशाची असते. गेटिंग सहसा तिथेच करतात ते याचसाठी. श्वास घेण्याचे टोक रोज बदलते, सोडण्याचे टोक फारसे बदलत नाही.

आलेख ओबडधोबड असेल तर लगेच सूचना द्यायला धावू नका. आधी कारण शोधा. थंडी वाजते आहे का, लघवीला जायचे आहे का, खांदा दुखतो आहे का? कारण दूर केल्यावरही लय येत नसेल, तर ठेक्यावर “घ्या… सोडा…” असे सांगून लय लावता येते. ठेका पेशंटच्या स्वतःच्या गतीने ठरवा, तुमच्या गतीने नको. आवाजाने लय सुधारते पण श्वास थोडा खोल होण्याची शक्यता असते. पडद्यावर आलेख दाखवला तर खोलीही ताब्यात राहते.

*सावधान:* स्कॅनला सूचना दिल्या तर उपचारालाही रोज त्याच सूचना, त्याच ठेक्यात द्यायच्या. तिकडे ते जमणार नसेल तर इकडेही देऊ नका.

टप्पा ५ : स्कॅनचा क्रम आणि आकडे

क्रम असा ठेवा: स्काउट (हद्द ठरवण्याचे पहिले चित्र), मग मोकळ्या श्वासातले साधे सीटी, मग फोर-डी सीटी. कॉन्ट्रास्टचे स्कॅन वेगळे ठेवा. फोर-डी सीटीला एक-दीड मिनिट किंवा जास्त लागतो, तेवढ्यात कॉन्ट्रास्टची योग्य वेळ निघून जाते. यकृतासाठी उच्छ्वासात श्वास रोखून कॉन्ट्रास्ट सीटी घ्या आणि ते फोर-डीच्या उच्छ्वास-फेजशी जुळवा (फेज म्हणजे श्वासाच्या चक्रातला एक टप्पा).

हेलिकल पद्धतीत, म्हणजे काउच सलग सरकत असताना होणाऱ्या स्कॅनमध्ये, खरा घोळ पिचमध्ये होतो. गॅन्ट्रीच्या (स्कॅनरच्या फिरत्या चौकटीच्या) एका फेरीत काउच बीमच्या रुंदीच्या किती पट सरकतो, तो आकडा म्हणजे पिच. तत्त्व सोपे आहे: शरीराचा प्रत्येक बिंदू किमान एक पूर्ण श्वास डिटेक्टरसमोर राहिला पाहिजे. त्यासाठी पिच हे गॅन्ट्रीच्या एका फेरीचा वेळ भागिले एका श्वासाचा वेळ, यापेक्षा कमी हवे. फेरी ०.५ सेकंदाची आणि श्वास ४ सेकंदांचा असेल तर पिच ०.१२५ च्या खाली. श्वास ६ सेकंदांचा असेल तर सुमारे ०.०८. चूक अशी होते की श्वासाची सरासरी धरली जाते. पाच मिनिटांच्या आलेखात दिसलेला सर्वांत लांब श्वास धरा. सरासरी ४ सेकंद असताना मध्येच ७ सेकंदांचा श्वास आला, तर तेवढ्या पट्ट्यात काही फेजसाठी माहितीच उरत नाही आणि चित्रात खाच पडते. स्कॅनर मिनिटाला किती श्वास ते विचारून पिच स्वतः ठरवत असेल, तर पेशंटच्या गतीपेक्षा हळू आकडा निवडा.

सिने पद्धतीत, म्हणजे काउच एकेका जागी थांबवून केलेल्या स्कॅनमध्ये, हाच नियम वेगळ्या शब्दांत लागू होतो. प्रत्येक काउच-स्थानावर सर्वांत लांब श्वासाइतका वेळ आणि वर साधारण एक सेकंद थांबा.

स्लाइस ३ मिलिमीटरपेक्षा जाड नको. स्टिरिओटॅक्टिक उपचारासाठी (मोजक्या बैठकांत नेमका आणि मोठा डोस) त्याहून पातळ. फोर-डीचा रेडिएशन डोस साध्या सीटीच्या कित्येक पट असतो, म्हणून फोर-डीची हद्द गाठीभोवती आवरती घेता येते. पण डोसची गणना ज्या चित्रावर होणार त्यात दोन्ही फुप्फुसे पूर्ण आली पाहिजेत, नाहीतर फुप्फुसाचा डोस-आलेख (किती भागाला किती डोस) खोटा येतो.

स्कॅन चालू असताना एकाने फक्त आलेखाकडे पाहावे. पेशंट खोकला, उसासा टाकला, गिळले, तर वेळ आणि काउचचे स्थान टिपून ठेवा. खोकला गाठीच्या पातळीवर आला असेल तर स्कॅन पुन्हा लागेल. पायाकडच्या टोकाला आला असेल तर कदाचित चालून जाईल. टिपण नसेल तर हा निर्णयच घेता येत नाही.

टप्पा ६ : पेशंट टेबलवर असतानाच टॅग तपासा

सॉफ्टवेअर प्रत्येक श्वासाच्या शिखरावर खूण (टॅग) करते आणि दोन शिखरांमधला वेळ सहसा दहा भागांत विभागते: ०, १०, २०… ९० टक्के. ० म्हणजे श्वास घेण्याचे टोक; उच्छ्वासाचे टोक सहसा ५० च्या आसपास असते, नेमके ५० वरच असेल असे नाही. खूण चुकली की तिच्या आजूबाजूच्या सगळ्या फेज चुकतात.

आलेख डावीकडून उजवीकडे एकदा सावकाश वाचा. एका श्वासावर दोन खुणा पडल्या आहेत का? शिखर असून खूण नाही असे कुठे आहे का? खोकल्याच्या टोकाला शिखर समजले गेले आहे का? या खुणा हाताने दुरुस्त करा, मगच फेजची चित्रे बनवा. खुणा दुरुस्त करायला दोन मिनिटे लागतात. ती वाचवली तर डॉक्टर पुढे तासभर अशा गाठीची रेषा काढत बसतात जी त्या जागी कधी नव्हतीच.

श्वासांची उंची खूप कमी-जास्त असेल तर फेजऐवजी उंचीनुसार वाटणी करून पाहा. तिच्यात चित्र अधिक सलग येते. मात्र काही पट्ट्यांत हव्या त्या उंचीचा श्वासच आला नसेल तर तिथे पोकळी राहते. दोन्ही करून बघा आणि शेजारी ठेवून निवडा.

टप्पा ७ : चित्र चांगले आहे का?

पेशंटला उठवण्यापूर्वी कोरोनल आणि सॅजिटल (समोरून आणि बाजूने दिसणारे उभे छेद) चित्रे उघडा. आडव्या स्लाइसमध्ये दोष दिसत नाहीत, म्हणून केवळ त्या पाहून “छान आहे” म्हणू नका.

नजर आधी श्वासपटलाच्या घुमटावर न्या. घुमटाची कडा गुळगुळीत हवी. तिला पायऱ्या पडल्या असतील तर शेजारच्या पट्ट्यांत वेगळे श्वास जोडले गेले आहेत. घुमट दोनदा दिसत असेल, त्याचा एखादा तुकडा सुटा तरंगत असेल किंवा कापल्यासारखा दिसत असेल, तरीही तोच अर्थ. नंतर गाठीकडे या आणि दहाही फेज चित्रपटासारख्या फिरवा. गाठ सलग वर-खाली गेली पाहिजे. एका फेजमधून दुसरीत उडी मारली किंवा तिचा आकार अचानक बदलला, तर ती फेज विश्वासार्ह नाही.

दोष गाठीच्या पातळीवर असेल तर स्कॅन पुन्हा करा. दूर असेल तर नोंद करून पुढे जा. दोनदा करूनही जमत नसेल तर तिसऱ्यांदा तेच करण्यात अर्थ नाही, डोस मात्र वाढत राहतो. मार्ग बदला: पोट दाबून पाहा, किंवा श्वास घेऊन रोखलेले एक आणि सोडून रोखलेले एक अशी दोन सीटी घ्या. या दोन टोकांमधली हालचाल नेहमीच्या श्वासापेक्षा मोठी येते आणि लक्ष्य विनाकारण फुगू शकते, हे आराखडा करणाऱ्याला लिहून कळवा.

टप्पा ८ : रेषा काढताना

फोर-डीतून तीन प्रकारची एकत्रित चित्रे निघतात आणि त्यांची कामे वेगळी आहेत. एमआयपीमध्ये प्रत्येक बिंदूची सर्व फेजमधली सर्वांत जास्त घनता येते, मिनआयपीमध्ये सर्वांत कमी, आणि अ‍ॅव्हरेजमध्ये सरासरी. हवेने भरलेल्या फुप्फुसात सुटी असलेली गाठ एमआयपीमध्ये छान दिसते. तीच गाठ श्वासपटलाला, छातीच्या भिंतीला किंवा मेडियास्टिनमला (दोन फुप्फुसांमधल्या भागाला) टेकलेली असेल तर एमआयपीत ती शेजारच्या ऊतींत मिसळून जाते आणि आयटीव्ही (गाठ श्वासाबरोबर जिथे जिथे जाते तो सगळा भाग) लहान निघतो. यकृतात एमआयपीचा भरवसा धरूच नका. आजूबाजूच्या यकृतापेक्षा काळपट दिसणाऱ्या गाठीसाठी मिनआयपी जास्त कामाचे असते.

माझ्या मते एमआयपी हा रेषेचा पहिला कच्चा मसुदा आहे. त्यावर रेषा काढा, मग ती दहाही फेजवर ठेवून बघा. कोणत्याही फेजमध्ये गाठ रेषेबाहेर जात असेल तर रेषा वाढवा. फक्त दोन टोकाच्या फेज जोडून थांबू नका, कारण गाठ ज्या वाटेने खाली जाते त्याच वाटेने वर येते असे नाही. मधल्या फेजमध्ये ती बाजूला झुकलेली असू शकते. फुप्फुसात रेषा काढताना लंग विंडोच (फुप्फुसासाठीची पडद्यावरची छटा) ठेवा.

डोसची गणना सहसा अ‍ॅव्हरेज चित्रावर करतात. एमआयपीवर ती कधीही करू नये, त्यात फुप्फुसाची घनता खोटी वाढलेली असते.

मार्जिनबाबत, म्हणजे लक्ष्याभोवती ठेवायच्या जास्तीच्या जागेबाबत, दोन उलट चुका दिसतात. आयटीव्हीत श्वासाची हालचाल आलेली असूनही पीटीव्हीत (मार्जिन धरून वाढवलेल्या अंतिम लक्ष्यात) ती पुन्हा मिळवली जाते आणि निरोगी फुप्फुस फुकट जाते. किंवा “आयटीव्ही आहे ना” म्हणून पीटीव्हीचे मार्जिन नाममात्र ठेवले जाते. आयटीव्ही हा एका दिवसाच्या काही मिनिटांचा नमुना आहे. रोजचा फरक आणि मांडणीतली चूक त्यात धरलेली नसते.

गेटिंग करणार असाल तर आयटीव्ही फक्त गेटमधल्या फेजचा काढा, उदाहरणार्थ ३० ते ७० टक्के, आणि संदर्भाचे अ‍ॅव्हरेज चित्रही त्याच फेजचे बनवा. गेटच्या आतही गाठ थोडी हलतेच.

टप्पा ९ : श्वास रोखून स्कॅन करायचे असेल तर

डाव्या स्तनासाठी खोल श्वास रोखतात तो हृदय छातीच्या भिंतीपासून दूर जावे म्हणून. हृदयाला मिळणाऱ्या सरासरी डोसमधल्या दर १ ग्रे (डोसचे एकक) वाढीमागे मोठ्या कोरोनरी घटनांचे प्रमाण सुमारे ७.४ टक्क्यांनी वाढते, असे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्तनकर्करोगाच्या अभ्यासात आढळले. त्यामुळे इथे प्रत्येक मिलिमीटरला किंमत आहे.

आधी मोकळ्या श्वासात मांडणी करा, लेझर जुळवा, खुणा करा. नंतर सराव घ्या. पेशंटला सांगा: “श्वास घ्या… सोडा… आता छाती भरून घ्या… धरा.” पूर्ण ताकदीचा श्वास मागू नका, जास्तीत जास्त क्षमतेच्या तीन-चतुर्थांश पातळीवर पेशंट जास्त वेळ आणि दर वेळी सारखा थांबू शकतो. २० सेकंद आरामात धरता आले पाहिजे. तीन-चार वेळा करून घ्या आणि सगळ्या पातळ्या ३ ते ५ मिलिमीटरच्या खिडकीत येतात का पाहा. धरलेली पातळी शेवटी घसरत असेल तर श्वास गळतो आहे. पातळी थोडी खाली ठरवा.

यात एक फसवी चूक आहे. काही पेशंट श्वास भरण्याऐवजी पाठीची कमान करतात. डबा छान वर जातो, आलेख खिडकीत बसतो, पण छाती भरलेली नसते आणि हृदय जागचे हललेले नसते. ओळखायचे कसे? “धरा” म्हटल्यावर कमरेखाली तळहात सरकवून बघा. पाठ टेबलवरून सुटली असेल तर हात सहज आत जातो. स्कॅन झाल्यावर मोकळ्या श्वासाच्या आणि रोखलेल्या श्वासाच्या सीटीत फुप्फुसाचे आकारमान ताडून पाहा. ते चांगले वाढलेले हवे, आणि कण्याची वक्रता दोन्हीत सारखी हवी. दोन्ही स्कॅनमध्ये हृदयाच्या जागेत फरक पडत नसेल तर या पेशंटला श्वास रोखायला लावून त्रास देऊ नका.

यकृतासाठी उच्छ्वासात रोखतात. तो कमी वेळ धरवतो, पण जास्त एकसारखा असतो. एकाच बैठकीत असे दोन-तीन स्कॅन घ्या आणि यकृताचा घुमट किंवा मार्कर दर वेळी कुठे येतो ते मोजा. जो फरक येईल तो मार्जिनमध्ये धरावा लागतो.

टप्पा १० : पेट-सीटी जोडताना

पेटमध्ये (टोचलेल्या किरणोत्सारी द्रव्याची चमक दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये) एका बेड-स्थानाला दोन-तीन मिनिटे लागतात, म्हणजे त्यात कित्येक श्वासांची सरासरी असते. त्याचे सीटी मात्र काही सेकंदांत होते. हे सीटी खोल श्वास रोखून घेतले तर यकृताच्या घुमटावर रिकामा पट्टा दिसतो आणि घुमटातली गाठ फुप्फुसात असल्यासारखी भासते. म्हणून पेटच्या सीटीला उथळ मोकळा श्वास ठेवा. हलत्या लहान गाठीची चमक पसरून फिकी पडते, त्यामुळे एसयूव्हीचा (चमकेच्या आकड्याचा) ठरावीक टक्का लावून रेषा काढू नका. पेटवर गाठ ओळखा, तिची हद्द फोर-डीवर ठरवा.

टप्पा ११ : उपचाराच्या दिवशी

सिम्युलेशनचा आलेख छापून उपचार-कक्षात ठेवा. पेशंट झोपला की डबा जुन्या खुणेवर ठेवा, काही मिनिटे द्या आणि आजचा आलेख त्याशेजारी पाहा. लय, उंची, खालची रेषा.

कोन-बीम सीटीला (उपचाराच्या मशीनवरच घेतलेल्या सीटीला) साधारण एक मिनिट लागतो, म्हणून त्यात गाठ धूसर दिसते. गाठ उच्छ्वासाच्या टोकाला जास्त वेळ असते, त्यामुळे श्वास घेण्याच्या टोकाकडची तिची सावली फिकट पडते आणि गाठ खऱ्यापेक्षा लहान भासते. ठळक दिसणारा भाग आयटीव्हीच्या मधोमध आणायचा मोह टाळा. अ‍ॅव्हरेज सीटीतली धूसर गाठ आणि आजची धूसर गाठ एकमेकांवर बसवा, मग ती आयटीव्हीच्या आत राहते का पाहा. फुप्फुसाच्या स्टिरिओटॅक्टिक उपचारात केवळ कणा जुळवून थांबणे ही गंभीर चूक आहे. कणा जागेवर असताना गाठीची सरासरी जागा कित्येक मिलिमीटर सरकलेली असू शकते. गाठ जुळवल्यावर पाठीचा कणा आणि इतर नाजूक अवयव ठरलेल्या हद्दीत आहेत ना, हेही लगेच पाहा.

पुन्हा फोर-डी कधी करायचे? गाठ सलग दोन दिवस आयटीव्हीच्या कडेवर दिसली, छातीतले पाणी काढले किंवा नव्याने साठले, बसलेले फुप्फुस उघडले, वजन लक्षणीय उतरले, गाठ आक्रसली, दम्यावरचे किंवा दुखण्यावरचे औषध बदलून श्वासाची लय बदलली, यांपैकी काहीही झाले की डॉक्टर आणि फिजिसिस्टला त्याच दिवशी कळवा.

नवे स्कॅन झाले की जुना संदर्भ-आलेख उपचार-कक्षातून काढा, डब्याच्या जुन्या खुणा त्वचेवरून पुसा आणि फाइलमधला जुना फोटो “रद्द” म्हणून चिन्हांकित करा. अंगावर दोन खुणा राहिल्या तर सकाळच्या पाळीत डबा एकीवर बसतो आणि संध्याकाळच्या पाळीत दुसरीवर.